मुक्त व्यापाराचा फायदा खोताच्या वाड्यापर्यंतच का?

२४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या. शेतकरी, मच्छीमार, कारागीर सगळ्यांचे भले होईल, असे सरकारने सांगितले. 'सगळे' म्हणजे नेमके कोण, हे रत्नागिरीच्या इतिहासाला विचारावे.

ब्रिटनशी मुक्त व्यापार आपल्याला नवा नाही. मँचेस्टरच्या दबावाखाली १८८२ साली कापडावरची आयात जकात उठली. तिजोरीला पैसा कमी पडला म्हणून १८९४ मध्ये ती परत आली, तेव्हा मँचेस्टरची समजूत काढायला मुंबईच्या गिरण्यांच्या मालावर अबकारी कर लादला गेला. १८९६ पासून तो साडेतीन टक्के होता आणि १९२५ च्या डिसेंबरपर्यंत वसूल झाला. राष्ट्रवादी इतिहास हा अन्याय सांगतो आणि तिथेच थांबतो.

पण त्या गिरण्यांत राबणारा माणूस मोठ्या संख्येने रत्नागिरी जिल्ह्यातून आलेला होता. तो मुंबईच्या हौसेने गेला नव्हता. गावात खोत होता, आणि १८८० च्या खोती कायद्याने खोताची सत्ता शाबूत ठेवली होती. गिरणीतही जात सुटली नाही. विणकाम खात्यात पगार जास्त. पण तिथे धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून 'विटाळ' नको असे सांगून अस्पृश्य कामगाराला दार बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. अबकारी कर तर त्याआधीच गेला होता! मालकाला दिलासा मिळाला, आपला माणूस मागापर्यंत पोचलाच नाही.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. तरी कायदा व्हायला १९४९ उजाडले. खोती गेली, पण वहिवाटीला ज्याचे नावच नव्हते त्या मजुराला सातबारा कुठून मिळणार?

आजची हापूसची बाग याच जमिनीवर उभी आहे. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने, ज्यात तेव्हा ब्रिटनही होता, फळमाशीचे कारण देऊन भारतीय आंब्याला बंदी घातली. अडथळा जकातीचा नव्हताच. प्रक्रिया आणि पॅकहाऊसचा खर्च मोठ्या बागायतदाराला झेपतो, दहा-वीस कलमांच्या मालकाला नाही. आणि ज्याच्याकडे कलमच नाही, तो या हिशेबात धरलेलाच नाही.

आमचा विरोध व्यापाराला नाही. बाबासाहेब उद्योगीकरणाचेच पुरस्कर्ते होते. आमची मागणी साधी आहे: निर्यातवाढीचा आकडा छापाल, तेव्हा त्याच पानावर आंबा काढणाऱ्याचा रोज आणि काजू फोडणाऱ्या बायांची मजुरी तालुकावार छापा.