एमआरएनए-वाहक बहुवारिके
एमआरएनए औषध पेशीत सुखरूप पोहोचवण्यासाठी घडवलेली बहुवारिके (पॉलिमर). एमआरएनए नाजूक व ऋणभारित असते. शरीरातील एंझाइमे ते चटकन तोडतात. म्हणून धनभारित अमाइन गटांची बहुवारिक साखळी त्याला गुंडाळून नॅनोकण बनवते. खरी कसोटी पुढेच आहे. पेशीने गिळलेला कण एंडोसोम नावाच्या पिशवीत अडकतो आणि बहुतेक औषध तिथेच नष्ट होते. १९९५पासून जनुकवहनात वापरले जाणारे पॉलिएथिलीनइमाइन ही कोंडी फोडते, पण पेशींना विषारी ठरते. काम झाल्यावर विघटित होणारे पॉलि-बीटा-अमिनो एस्टर त्यामुळे अधिक आश्वासक. एमआरएनए लसींत मात्र आजवर मेदाधारित वाहकांचीच सरशी आहे. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीची ‘जेमकोव्हॅक-१९’ (मंजुरी जून २०२२) ही भारताची पहिली एमआरएनए लसही मेदाधारितच असून २ ते ८ अंश सेल्सियसला टिकते.