टी-शर्ट घरी शिवायला बायका कशा शिकल्या?



मुलांचं कपाट उघडून बघा. टी-शर्ट, लेगिंग्ज, नाइट पँट, बहुतेक सगळं ताणलं जाणारं कापड. आता आपल्या आई-आज्यांनी घरी शिवलेलं आठवा: झबली, परकर-पोलकी, फ्रॉक, पिशव्या. त्यात होजिअरी सहसा नसायची. गंजीफ्रॉक दुकानातूनच यायचा. असं का?

मराठीत आपण दोन्हींना 'विणणं'च म्हणतो, पण मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे असतात आणि होजिअरीत स्वेटरसारखे एकमेकांत अडकलेले फासे. म्हणून ती ताणली जाते. 'गंजी' हा शब्द इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावरून आला असं मानतात. तिथल्या कोळ्यांचे लोकरीचे विणलेले अंगरखे प्रसिद्ध होते. शेजारचं बेट जर्सी, तेही नाव आपण रोज घेतो!

हे विणकाम यंत्रावर फार लवकर गेलं. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने 1589 मध्ये मोजे विणायचं यंत्र केलं. पण विणलेलं कापड घरी शिवणं ही वेगळीच गोष्ट. साध्या मशीनची सरळ शिलाई ताणत नाही, कापड ताणतं. मुलाने डोक्यातून शर्ट घातला की शिवण तटकन तुटते. टोकदार सुई फासा कापते आणि भोक पडतं. कारखान्यांकडे ओव्हरलॉक मशीन होती, घरी नव्हती. त्यामुळे हे काम कारखान्याचंच, असं जणू ठरून गेलं.

1960 च्या दशकात अमेरिकेत हे बदललं. ओरेगनमधल्या अ‍ॅन पर्सन या बाईंनी विणलेल्या कापडाचे तुकडे घेऊन घरच्याच मशीनवर प्रयोग केले. युक्ती साधी होती: शिवताना कापड पुढून-मागून हलकं ताणून धरायचं, म्हणजे शिवणीत जास्त दोरा जातो आणि नंतर ती कापडाबरोबर ताणते. त्या हे शिकवू लागल्या. त्यातून 'स्ट्रेच अँड स्यू' ही दुकानांची साखळी उभी राहिली. तिथे कापडही मिळायचं आणि क्लासही चालायचे. एकाच कागदावर अनेक मापं असायची. तो कापायचा नाही, हवं ते माप ट्रेस करून घ्यायचं. मूल वाढलं की पुढची रेघ!

त्याच सुमारास मिनियापोलिसमध्ये केर्स्टिन मार्टेन्सन यांनी 'क्विक स्यू' पॅटर्न सुरू केले. त्या मूळच्या स्वीडनच्या, म्हणजे आपल्यासारख्याच दुसऱ्या देशातून आलेल्या. येताना हातातलं कसब घेऊन आल्या आणि तेच त्यांनी नव्या देशात शिकवलं.

पुढे बॉलपॉइंट सुई, घरगुती ओव्हरलॉक, सगळं सोपं होत गेलं. पण मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. सुरुवात यंत्राने झाली नाही, तुकड्यांवर हात बसवण्याने झाली.

मी सीए आहे, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगते. कॉस्टिंगमध्ये 'नॉर्मल लॉस' असतो. जे वाया जाणारच, ते आधीच धरायचं आणि त्याचा भार चांगल्या मालावर टाकायचा. त्याबद्दल कुणाला बोल लावायचा नाही. आपण मुलांच्या बाबतीत हे कलम विसरतो. पहिल्याच महिन्यात सर्टिफिकेट हवं, लेव्हल हवी, फोटो टाकण्याजोगं काहीतरी हवं. पहिले तीन टॉप वाकडेच होणार, हे धरून चालणारा क्लास कुठे मिळतो? तो घरीच लावावा लागतो.

सुट्टीत करून बघा. लहान झालेले टी-शर्ट कापा. बॉलपॉइंट सुई लावा, बारीक झिगझॅग ठेवा, आधी नुसते तुकडे जोडा आणि ताणून बघा. मग गळ्याची पट्टी. ती गळ्याच्या घेरापेक्षा थोडी आखूड कापायची आणि गळा न ताणता फक्त पट्टी ताणून जोडायची. तरच ती सपाट बसते. किती आखूड, हे कापडावर अवलंबून असतं. दोन-चारदा उसवलं की बोटांना कळतं. शाळकरी मूल असेल तर शेजारी बसा, पण मशीन त्याच्या हातात द्या.

पहिला वाकडा टॉप घरात घालायला हरकत नाही. चौथा बाहेर घालता येईल.

तुमच्याकडे कोण शिवतं? मुलांना कुणी शिकवलंय का? नक्की लिहा.