रोमन मुद्रिकांवरील चिन्हे

रोमन समाजात कोरीव खड्याची अंगठी आधी शिक्का होती आणि मग दागिना. पत्रावर किंवा करारपत्रावर लावलेल्या मऊ मेणात ती दाबली की उमटणारा ठसा हाच धन्याच्या संमतीचा पुरावा ठरे, आणि म्हणूनच खड्यावरची आकृती उलटी व आत खोल कोरली जाई. या पद्धतीला इंटाग्लिओ म्हणतात. कमानीच्या दोरीने फिरणाऱ्या सामत्याचे मऊ धातूचे टोक स्वतः दगड कापत नसे, तर त्याखालची तेलात कालवलेली कुरुंदाची पूड तो झिजवत असे, आणि भिंगाखाली पाहिल्यास आकृतीच्या डोक्याशी किंवा गुडघ्याशी गोल टोकाने पाडलेले खळगे आजही दिसतात. तांबड्या-पांढऱ्या थरांच्या सार्डोनिक्स या खड्याला मेण चिकटत नाही, असे रोमन लेखक थोरल्या प्लिनीने नोंदवले आहे. अशा थरांच्या दगडांपैकी काही दख्खनचे असत, कारण पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून भडोच बंदराकडे ऑनिक्स हा थरांचा दगड मोठ्या प्रमाणात जात असल्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

या आकृत्यांचे अर्थ आज शब्दकोशासारखे लावले जातात, पण तसे लावणे अपुरे आहे, कारण चिन्हाला वजन येई ते ठसा कोणाचा आणि तो काय घेऊन येतो यावरून. सम्राट ऑगस्टसचा सल्लागार मिसीनस याच्या मुद्रेवर बेडूक होता, आणि हा निरुपद्रवी प्राणी पाहताच रोमन लोक धास्तावत, कारण त्या मुद्रेची पत्रे पैशांची वसुली घेऊन येत. खुद्द ऑगस्टसने प्रथम स्फिंक्स, म्हणजे स्त्रीमुखी सिंह, वापरला. हा स्फिंक्स कोडी घेऊन येतो, अशी थट्टा होऊ लागल्यावर त्याने सिकंदराचे मस्तक निवडले, आणि अखेरीस डायोस्कुरिडीसने कोरलेली स्वतःची प्रतिमा, जी पुढील सम्राटांनीही मुद्रा म्हणून वापरली. कोड्यापासून विजेत्यापर्यंत आणि तेथून स्वतःच्या चेहऱ्यापर्यंतच्या या प्रवासात त्याच्या सत्तेची वाढती निश्चिंती जशी दिसते, तशी ती क्वचितच एखाद्या शिलालेखात दिसेल.

इ. स. 200 च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती आचार्य क्लेमेंट याच्यापुढे वेगळीच अडचण होती: व्यवहारासाठी शिक्का हवा, पण देवतांचे मुखवटे, तलवार, धनुष्य किंवा मद्यपात्र नको. त्याने कबुतर, मासा, वाऱ्यावर धावणारे जहाज, वीणेसारखे लायर हे वाद्य आणि जहाजाचा नांगर सुचवले, आणि लायर हे पॉलिक्रेटीस या, तर नांगर हे सेल्युकस या जुन्या ग्रीक राज्यकर्त्याचे चिन्ह होते, हेही मोकळेपणाने सांगितले. म्हणजे ख्रिस्ती माणसाने नवा खडा कोरून घेण्याचीही गरज नव्हती. बाजारात मिळणारा जुना नांगर तो बोटात घालू शकत होता, आणि मासेमाराची आकृती असल्यास त्याला येशूच्या शिष्याची व पाण्यातून वर काढलेल्या, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या, मुलांची आठवण व्हावी, एवढीच क्लेमेंटची अपेक्षा होती.