सेंट्रल हायस्कूल, लिटल रॉक : शिक्षकांनी राखलेली शाळा

अमेरिकेच्या दक्षिणेकडील आर्कान्सा राज्याची राजधानी लिटल रॉक. या शहरात पार्क स्ट्रीटवर १९२७ साली एका भव्य माध्यमिक शाळेची इमारत उभी राहिली. पाच वास्तुविशारदांनी मिळून तिचा आराखडा केला होता, बांधकामावर पंधरा लाख डॉलर खर्च झाले होते आणि तीन हजार विद्यार्थी एका वेळी शिकू शकतील एवढी ती प्रशस्त होती. अमेरिकन वास्तुविशारदांच्या संस्थेने ‘देशातील सर्वांत सुंदर हायस्कूल’ म्हणून तिचा गौरव केला. दर्शनी प्रवेशद्वारावर आजही चार पुतळे दिसतात : महत्त्वाकांक्षा, व्यक्तिमत्त्व, संधी आणि पूर्वतयारी. शाळेने मुलांना काय द्यावे, याची यादीच जणू दगडात कोरून ठेवली होती. ती यादी मात्र फक्त गोऱ्या मुलांसाठी होती. कायद्याने आणि रूढीने शहरातील कृष्णवर्णीय मुलांना या पायऱ्या चढण्याची मुभा नव्हती.

त्यांच्यासाठी १९२९ मध्ये डनबार हायस्कूल सुरू झाले. त्याला खर्च आला सुमारे चार लाख डॉलर. गोऱ्या शाळांत वापरून जीर्ण झालेली पुस्तके पुढे तिथल्या मुलांच्या हाती येत. शिक्षक मात्र जीर्ण नव्हते. तिथल्या इंग्रजी विभागाच्या प्रमुख स्यू कोवन मॉरिस यांनी १९४२ मध्ये समान वेतनासाठी शहराच्या शिक्षण मंडळाविरुद्ध दावा लावला. त्यांच्या वकिलांत थर्गुड मार्शल होते, जे पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. दावा चालू असतानाच मॉरिसबाईंची नोकरी गेली. खालच्या न्यायालयात त्या हरल्या, १९४५ मध्ये वरच्या न्यायालयात जिंकल्या, आणि पुन्हा वर्गात उभ्या राहिल्या त्या १९५२ साली. ही हकीकत सेंट्रलची नव्हे, शेजारच्या शाळेची. पण लिटल रॉकच्या शिक्षकांनी पुढे जी किंमत मोजली तिचा पहिला हप्ता डनबारमध्ये भरला गेला होता, म्हणून सेंट्रलच्या वाटचालीतही तिची नोंद हवी.

सेंट्रलची पहिली पंचवीस-तीस वर्षे भरभराटीची गेली. महामंदी आली, महायुद्ध आले. शाळेचा लौकिक वाढतच राहिला. १९३६ मध्ये मागच्या बाजूला स्टेडियम झाले आणि फुटबॉलच्या ‘टायगर्स’ संघाने ते गाजवले. १९३० साली इंग्रजीच्या शिक्षिका म्हणून एलिझाबेथ हकबी रुजू झाल्या. १९४६ मध्ये त्या मुलींसाठीच्या उपमुख्याध्यापिका झाल्या. मुलींची गैरहजेरी, उशिरा येणे, रडणे-रुसणे, पालकांच्या तक्रारी हा सारा कारभार त्यांच्या टेबलावर येई. मुलांचे उपमुख्याध्यापक जे. ओ. पॉवेल आणि मुख्याध्यापक जेस मॅथ्यूज यांच्यासह या तिघांनी पन्नाशीच्या दशकात शाळेची धुरा वाहिली. शहरात दुसरे हायस्कूल उभे राहणार म्हणून १९५३ मध्ये ‘लिटल रॉक सीनियर हायस्कूल’ हे जुने नाव बदलून ‘सेंट्रल’ झाले. नावापलीकडे तेव्हा फारसे काही बदलले नाही.

बदल आला तो १७ मे १९५४ रोजी. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य असल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. निकाल पाळू, असे लिटल रॉकच्या शिक्षण मंडळाने काही दिवसांतच जाहीर केले. अधीक्षक व्हर्जिल ब्लॉसम यांनी टप्प्याटप्प्याची योजना आखली. तिचा पहिला टप्पा होता सेंट्रल, सप्टेंबर १९५७. टप्पे असे की एकाच शाळेवर सारा भार पडावा. चाळणीमागून चाळणी लावत अखेर नऊ विद्यार्थी उरले : मिनिजीन ब्राउन, एलिझाबेथ एकफर्ड, अर्नेस्ट ग्रीन, थेल्मा मदरशेड, मेल्बा पॅटिलो, ग्लोरिया रे, टेरेन्स रॉबर्ट्स, जेफरसन थॉमस आणि कार्लोटा वॉल्स. खेळ, गायन, नाटक अशा कोणत्याही उपक्रमात भाग घ्यायचा नाही, ही अट त्यांना आधीच ऐकवली गेली होती.

पुढचा इतिहास जगाला ठाऊक आहे. ४ सप्टेंबरला गव्हर्नर ओर्व्हल फॉबस यांनी नॅशनल गार्डचे जवान उभे करून नऊ मुलांना अडवले. २३ तारखेला मुले बाजूच्या दाराने आत गेली, पण बाहेरच्या जमावाचा रंग पाहून दुपारच्या सुमारास पोलिसांना त्यांना बाहेर काढावे लागले. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे हजारावर सैनिक पाठवले आणि २५ सप्टेंबरला संगिनींच्या पहाऱ्यात ही मुले मुख्य पायऱ्या चढून वर्गात गेली. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार पायऱ्यांपर्यंत पोचले. पायऱ्यांच्या आत जे घडले ते शिक्षक आणि कर्मचाऱ्यांच्या वाट्याला आले.

सैनिक मुलांबरोबर वऱ्हांड्यातून चालत, पण वर्गाच्या उंबऱ्याशी थांबत. वर्गात शिक्षक एकटा. स्वच्छतागृहात आणि व्यायामशाळेत पहारा नव्हताच. नोव्हेंबरअखेर लष्कर परतले आणि भार उरला नॅशनल गार्डवर. मग धक्काबुक्की, शाई उडवणे, लाथा, जिन्यावरून ढकलणे यांना ऊत आला. तास संपला की शिक्षकांनी दाराशी येऊन वऱ्हांड्यावर नजर ठेवायची. हकबीबाईंनी तक्रारी लिहून घ्यायच्या, मुलींना समोर बसवून विचारायचे, घरी फोन करायचे. बॉम्ब ठेवल्याचे निनावी फोन येत तेव्हा कर्मचारी मुलांची कपाटे उघडून तपासत. सगळेच शिक्षक वर्णभेदाविरुद्ध होते असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. काहींना ही मुले नकोच होती, काहींनी डोळ्यांवर कातडे ओढून घेतले, काहींनी आपल्या वर्गात एकही टवाळी चालू दिली नाही. पण शाळा एकही सत्र न बुडवता चालू राहिली ती याच मिश्र शिक्षकवृंदाच्या जोरावर. हकबीबाई त्या दिवसांच्या नोंदी ठेवत होत्या. त्यांतूनच १९८० मध्ये त्यांचे ‘क्रायसिस अॅट सेंट्रल हाय’ हे पुस्तक आले आणि १९८१ मध्ये त्यावर दूरचित्रवाणीपट झाला.

एका प्रसंगाचा उल्लेख टाळता येणार नाही. डिसेंबर १९५७ मध्ये उपाहारगृहात वाट अडवून छळणाऱ्या मुलांवर मिनिजीन ब्राउनच्या हातातले चिलीचे भांडे उपडे झाले. क्षणभर सगळे उपाहारगृह चिडीचूप झाले. मग आतल्या बाजूने टाळ्या ऐकू आल्या. टाळ्या वाजवणारे होते वाढपी आणि स्वयंपाकी, आणि ते सगळे कृष्णवर्णीय होते. इतकी वर्षे शाळेच्या मुलांना त्यांनीच जेवू घातले होते, आणि तरीही शाळेच्या दप्तरी विद्यार्थी म्हणून त्यांच्या मुलाबाळांची नोंद होऊ शकत नव्हती. मिनिजीनला आधी निलंबित करण्यात आले, पुढे फेब्रुवारीत शाळेतून काढण्यात आले. उरलेल्या आठ जणांनी वर्ष पुरे केले. मे १९५८ मध्ये अर्नेस्ट ग्रीनने सहाशेवर गोऱ्या वर्गबंधूंबरोबर पदविका स्वीकारली, तेव्हा प्रेक्षकांत मार्टिन ल्यूथर किंग बसले होते.

यानंतर आले ते वर्ष, ज्याला लिटल रॉकमध्ये ‘हरवलेले वर्ष’ म्हणतात. १२ सप्टेंबर १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकत्र शिक्षण लांबणीवर टाकण्यासाठी मागितलेली मुदतवाढ नाकारली. फॉबस यांनी नव्या कायद्याचा आधार घेऊन शहरातील चारही सार्वजनिक हायस्कुले बंद केली. २७ सप्टेंबरच्या मतदानात एकत्र शिक्षणाविरुद्ध १९,४७० आणि बाजूने ७,५६१ मते पडली. ३,६६५ विद्यार्थी घरी बसले. गोऱ्या मुलांपैकी बहुतेकांना खासगी शाळा, परगावचे नातेवाईक किंवा शेजारच्या गावातील शाळा असा कुठे ना कुठे आसरा मिळाला. कृष्णवर्णीय मुलांपैकी सुमारे निम्म्यांना त्या वर्षी कुठलेच शिक्षण मिळाले नाही. गंमत अशी की फुटबॉलचे सामने मात्र चालू ठेवण्यात आले. वर्ग बंद, मैदान चालू.

आणि शिक्षक? चारही शाळांतील १७७ शिक्षक-प्रशासकांचे करार झालेले होते. त्यामुळे त्यांना रोज शाळेत यावेच लागे. तीन हजारांसाठी बांधलेल्या इमारतीत सकाळी शिक्षक येत, आपापल्या खोलीत बसत आणि संध्याकाळी घरी जात. सप्टेंबरात स्थानिक वाहिन्यांवरून दूरचित्रवाणीचे धडे देण्याचा प्रयोग झाला. कॅमेऱ्यापुढे फळा मांडून गणित आणि इंग्रजी शिकवण्याचा हा घाट फार काळ टिकला नाही. खालच्या इयत्तांच्या शाळांत कोणी रजेवर असेल तर बदली शिक्षक म्हणून यांना पाठवले जाई. शाळा म्हणजे मुले, असे आपण सहज म्हणतो. त्या वर्षी सेंट्रलमध्ये मुले नव्हती. शाळा उरली होती ती तिथे येऊन बसणाऱ्या शिक्षकांच्या रूपाने. पगार मिळत होता म्हणून ते आले, हे खरे. पण इमारती खासगी संस्थेला भाड्याने देण्याचा डाव संघराज्याच्या न्यायालयाने रोखला, तेव्हा त्या इमारती सार्वजनिक शाळा म्हणूनच वापरात होत्या, हेही खरे.

त्याच सुमारास राज्याने शिक्षकांकडून प्रतिज्ञापत्रे मागितली : गेल्या पाच वर्षांत कोणकोणत्या संस्थांचे सभासद होता, कोणाला वर्गणी दिली, सगळे लिहून द्या. रोख होता कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेवर. लिटल रॉकमध्ये पंचवीस वर्षे शिकवलेले बी. टी. शेल्टन यांनी प्रतिज्ञापत्र देण्यास नकार दिला आणि नोकरी गमावली. १२ डिसेंबर १९६० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द ठरवला.

५ मे १९५९ची मंडळाची सभा या वाटचालीतील सर्वांत कठीण दिवस मानावी लागेल. सहा सदस्यांत तीन-तीन अशी फूट होती. मवाळ गटाचे तिघे निषेध म्हणून सभेतून उठून गेले. उरलेल्या तिघांनी कोणतेही कारण न देता ४४ जणांचे करार नूतनीकरणातून वगळले : सात मुख्याध्यापक-प्रशासक, चौतीस शिक्षक आणि तीन कार्यालयीन सचिव. मॅथ्यूज, हकबी आणि पॉवेल ही सेंट्रलची तिन्ही नावे यादीत होती. टंकलेखन यंत्रापुढे बसणाऱ्या सचिवबाईंची गठ्ठ्याने हकालपट्टी व्हावी, इतक्या खोलवर शोध घेतला गेला होता.

इथे शहर जागे झाले. एकत्र शिक्षणाच्या मुद्द्यावर जे मतदार सात महिन्यांपूर्वी विरोधात गेले होते, त्यांतल्या अनेकांना आपल्या मुलांच्या बाई अशा घरी बसवल्या जाव्यात हे सहन झाले नाही. तीनच दिवसांत ‘स्टॉप’ ही समिती उभी राहिली. या अन्यायी साफसफाईला थांबवा, हाच तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ. अॅडॉल्फीन फ्लेचर टेरी यांच्या घरी सप्टेंबर १९५८ मध्ये स्थापन झालेली महिलांची आणीबाणी समिती आधीपासून शाळा उघडण्यासाठी झटत होती. या बायकांनी मतदारयाद्या काढल्या, फोन फिरवले, घरोघरी चकरा मारल्या. २५ मे रोजी मंडळाच्या सदस्यांना परत बोलावण्याचे मतदान झाले. कृष्णवर्णीय वस्त्या आणि सुखवस्तू गोऱ्या वस्त्या या दोन टोकांच्या मतांनी मिळून थोडक्या फरकाने बाजी मारली. तिन्ही कट्टर सदस्य घरी गेले, तिन्ही मवाळ राहिले. नव्या मंडळाने काढलेल्यांपैकी बहुतेकांना परत घेतले.

१८ जूनला शाळाबंदीचा कायदा न्यायालयाने रद्द केला. विरोधकांना संघटित व्हायला वेळ मिळू नये म्हणून शाळा ठरल्या वेळेआधी, १२ ऑगस्ट १९५९ रोजी उघडल्या. जमाव पुन्हा आला. या वेळी शहराच्या पोलिसांनी आणि अग्निशामक दलाच्या पाण्याच्या फवाऱ्यांनी त्याला वाटेतच थोपवले. नऊपैकी जेफरसन थॉमस आणि कार्लोटा वॉल्स परतले. फेब्रुवारी १९६० मध्ये कार्लोटाच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. तिने शाळा सोडली नाही, आणि त्याच वर्षी दोघेही सेंट्रलचे पदवीधर झाले.

पुढच्या दशकात शाळेचे रोजचे जीवन हळूहळू पूर्ववत झाले. हकबीबाई १९६९ मध्ये निवृत्त झाल्या. १९८२ मध्ये इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. १९९७ मध्ये चाळिसाव्या वर्षी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी नवांसाठी समोरचे दार स्वतः उघडून धरले, आणि १९९८ मध्ये काँग्रेसच्या कायद्याने हा परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ बनला. अशा स्थळाच्या हद्दीत रोज वर्ग भरणारे देशातले हे एकमेव हायस्कूल. म्हणूनच पाहुण्यांनी आधी नाव नोंदवावे आणि वनखात्यासारख्या गणवेशातल्या मार्गदर्शकाबरोबरच आत यावे, असा इथला शिरस्ता आहे.

अलीकडच्या काळात शाळेच्या शिक्षकांनी आणखी एक काम हाती घेतले. नववीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील किंवा ओळखीतील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला गाठायचे, भेदभावाचा आणि हक्कांच्या लढ्याचा त्याचा अनुभव विचारायचा आणि तो लिहून आणायचा. आजीने कधी कोणाला न सांगितलेली गोष्ट नातवाच्या वहीत उतरते, कधी ती सोसलेल्याची असते, कधी जमावात उभे राहिलेल्याची. हे निबंध निवडून त्यांची पुस्तके निघाली आहेत. बाकीच्या वह्या, कोणत्याही शाळेत होते तशा, वर्गशिक्षकांच्या टेबलावर तपासायला जमा होतात.