परक्या सूर्यांच्या ग्रहांवरची हवा

चिमूटभर मीठ गॅसच्या निळ्या ज्योतीवर टाकलं की ज्योत पिवळीधमक होते. हा रंग सोडियमचा, साधारण ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा. दुसऱ्या ताऱ्याच्या ग्रहावरची हवा हुडकायला निघालेल्या शास्त्रज्ञांनी पहिली नजर ठेवली ती याच रंगावर.

ग्रहाची हवा अशी रंगावरून ओळखण्याच्या तंत्राचं कूळ दोन घराण्यांचं. पहिलं अधिक्रमणाचं, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून सरकण्याचं. १७६१ साली शुक्र सूर्यबिंबावरून सरकला, तेव्हा कडेशी दिसलेल्या प्रकाशावरून सेंट पीटर्सबर्गच्या मिखाईल लोमोनोसोव्ह यांनी शुक्राला वातावरण असल्याचं अनुमान काढलं. दुसरं घराणं वर्णपटाचं. प्रत्येक मूलद्रव्य वायुरूपात ठरावीक रंगच शोषतं आणि वर्णपटात तिथे काळी रेघ उमटते, हे १८६०च्या सुमारास किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिलं.

दोन्ही घराण्यांची सोयरीक महाश्व तारकासमूहात जुळली. तिथल्या ‘एचडी २०९४५८’ या ताऱ्याचा प्रकाश दर साडेतीन दिवसांनी सुमारे दीड टक्क्याने उतरतो, कारण ग्रह त्याच्यासमोरून जातो, हे १९९९ साली कळलं. सारा सीगर आणि दिमितार सासेलोव्ह यांनी गणित मांडून सांगितलं, की ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून येणाऱ्या प्रकाशात सोडियम शोधा. डेव्हिड शार्बोनो आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बीण रोखली. अधिक्रमणात शेजारच्या रंगांपेक्षा सोडियमच्या रंगात तारा ०.०२३ टक्के अधिक मंदावत होता. नोव्हेंबर २००१मध्ये हा शोध जाहीर झाला. हबल १९९०मध्ये अवकाशात गेली, तेव्हा सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा एकही परग्रह ठाऊक नव्हता!

पण २०२०मध्ये जमिनीवरच्या दुर्बिणींची निरीक्षणं तपासणाऱ्या गटाने याच सोडियमवर शंका घेतली. तारा स्वतःभोवती फिरतो आणि ग्रह त्याचे वेगवेगळे भाग झाकत जातो, त्यानेही तशी खूण उमटू शकते, असं त्यांचं म्हणणं.

तंत्र मात्र पक्कं ठरलं. २०२२मध्ये वेब दुर्बिणीने सुमारे ७०० प्रकाशवर्षांवरच्या ‘वॅस्प-३९ बी’ या ग्रहाच्या हवेत कार्बन डायऑक्साइड टिपला. अवरक्त प्रकाशातली ती खूण निःसंदिग्ध होती.

उद्या एखाद्या ग्रहाच्या हवेत जीवसृष्टीची खूण सापडल्याची बातमी येईल. तेव्हा हरखून जाण्याआधी एवढंच विचारा: दुसऱ्या दुर्बिणीलाही तेच दिसलं का, आणि ताऱ्याचा वाटा नीट वजा केला होता का?