लक्ष्मीबाई टिळक : पतिनिष्ठा आणि अंतःप्रत्यय

पतीने धर्म बदलला की पत्नीचाही बदलला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) लक्ष्मीबाई टिळकांचे चरित्र ती खोटी ठरविते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई चार-पाच वर्षे आप्तांकडे राहिल्या. पुढे पतीकडे आल्या, तरी सोवळे त्यांनी सोडले नाही. पत्नीधर्म पाळला, श्रद्धा मात्र उसनी घेतली नाही. जातिभेद मानवनिर्मित आहे, हे स्वतःच्या विचाराने पटल्यावरच १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा झगडा ‘स्मृतिचित्रे’त त्यांनीच निःसंकोच नोंदविला आहे. १९१९ मध्ये टिळक निवर्तले. त्यांचे अपूर्ण ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. पतीखातर जिने धर्म बदलला नाही, तिनेच त्याचे कार्य सिद्धीस नेले.