आपल्या गावचा बोहाडा व सोंगांचे मंडळ

श्री जगदंबा मातेच्या मंदिराचा जीर्णोद्धार ग्रामस्थांच्या सहकार्याने तडीस गेला. त्या निमित्ताने गावच्या बोहाड्याविषयी चार शब्द लिहावेत अशी समितीची आज्ञा झाली. मी इतिहासकार नव्हे, तहसील कचेरीतला कारकून. तरी जे पाहिले व वडीलधाऱ्यांकडून ऐकले ते यथामती मांडतो.

बोहाडा, म्हणजे काही ठिकाणचा भवाडा, हा नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम डोंगरपट्ट्यातील मुखवट्यांचा उत्सव. आपला पेठ-सुरगाण्याचा मुलूख आणि त्याला लागून असलेला जव्हार-मोखाडा भाग यांत तो पूर्वापार चालत आला आहे. जव्हार-मोखाडा पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघरात गेला. सुरगाणा संस्थान १९४८ साली विलीन झाले. सरहद्दी बदलल्या, पण सोंगे बदलली नाहीत. चैत्र-वैशाखात शेतीची कामे सरली, की संबळाच्या तालावर रात्रभर सोंगे नाचतात. प्रथम गणपती, मग शारदा, पुढे इतर देव-दैत्य आणि शेवटी देवी व महिषासुराचे युद्ध. मुखवटे हलक्या लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात.

कोणते सोंग कोणत्या घराचे, हे ठरलेले असते. जमिनीला सातबारा आहे, वारसनोंद आहे. मुखवट्याची नोंद कोणत्याच दप्तरी नाही, तरी ती गावाला तोंडपाठ असते.

मध्यंतरी हीच गोष्ट अडचणीची झाली. काही घरे पोटासाठी नाशिकला गेली, तरुण मंडळी द्राक्षबागांच्या कामावर जाऊ लागली. ज्याचे सोंग तोच गावात नाही आणि दुसऱ्याने ते घ्यावे तर मानाचा प्रश्न. एकेक सोंग गळत गेले व बोहाडा बंद पडला. मंदिराचे जुने छत उतरवताना माळ्यावर मुखवटे सापडले. निम्म्यांना वाळवी लागली होती. ते पाहून एका वृद्ध बाबांच्या डोळ्यांत पाणी आले आणि आम्ही सर्वच खजील झालो.

त्याच रात्री पारावर बैठक होऊन मंडळ स्थापन झाले. बाहेरगावी गेलेल्या घरांना आम्ही समक्ष जाऊन भेटलो. मान त्या घराचाच राहावा, मुखवट्याची पूजा त्यांनीच करावी, नाचण्यास मात्र गावातील मुलगा द्यावा, असे ठरले. एका घराने प्रथम साफ नकार दिला होता. पुढे त्याच घरचा नातू नाचायला उभा राहिला.

पहिल्या वर्षी आमची फजितीही झाली. हौसेने कर्णा लावला, तर त्यात संबळ ऐकू येईना आणि मुलांचे पाय चुकले. दुसऱ्या वर्षी कर्णा काढला. सोंगापुढे दिवटी धरून उलटे चालणाऱ्या माणसाचे महत्त्वही तेव्हाच कळले. मुखवट्यातून नीट दिसत नाही, नाचणारा त्याच्याच भरवशावर पाऊल टाकतो.

नव्या मंदिरात मुखवट्यांसाठी स्वतंत्र कपाट केले आहे. पण कपाटात मुखवटे राहतील, बोहाडा राहणार नाही. त्याला पाय लागतात. तरी प्रत्येक घराने एक मुलगा तालमीस पाठवावा ही नम्र विनंती, व मातेने तशी बुद्धी द्यावी हीच चरणी प्रार्थना.